पालकाच्या सहीची जागा

तेलंगणातल्या मंचेरियल स्टेशनवर मूल एकटं सापडलं, तर कायद्यानं त्याला चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. पुढे बहुधा बालगृह, आणि मग शाळा. दाखला नाही, वयाचा पुरावा नाही, तरी २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं प्रवेश नाकारता येत नाही.

प्रवेश मिळतो हो. पण वर्गात ‘माझे कुटुंब’ हा निबंध येतो, प्रगतिपुस्तकावर पालकाची सही मागतात. पोर पेन्सिल चावत बसतं. बाईंनी ‘मला आवडणारं माणूस’ असा दुसरा विषय फळ्यावर लिहिला, पालकसभेचं बोलावणं बालगृहाच्या अधीक्षकांनाही धाडलं, तर काय बिघडतं? खर्च शून्य. आणि महाराष्ट्रातल्या सिरोंचाकडून आलेलं मराठी मूल तेलुगू वर्गात गप्प असेल, तर त्याला लगेच मठ्ठ ठरवू नये.

शेजारच्या महाराष्ट्रानं २०१८ मध्ये अनाथांना १ टक्का आरक्षण दिलं. चांगलंच केलं, पण तिथवर पोचायला आधी दहावी-बारावी निघायला हवी. बालगृहाचा आसरा साधारण अठराव्या वर्षी संपतो, नेमका बारावीच्या सुमारास. तेव्हा अकरावीतच कुणा शिक्षकानं जवळ बसवून विचारावं, “पुढच्या वर्षी राहणार कुठे रे?”