अपुऱ्या टाक्यांचे ऋण

हाती घेतलेले काम तडीस न्यावे, ही शिकवण आपणां सर्वांना बाळकडूबरोबर मिळालेली असते. भर्तृहरीने नीतिशतकात माणसांच्या तीन श्रेणी लावल्या आहेत. विघ्नांच्या भयाने जे आरंभच करीत नाहीत ते कनिष्ठ. आरंभ करून विघ्न येताच थांबतात ते मध्यम. आणि पुनःपुन्हा विघ्ने येऊनही आरंभिलेले सोडीत नाहीत ते उत्तम. वामनपंडितांनी ही शतके मराठीत आणली. या श्रेणींविषयी शंका घेण्याचे आम्हांस कधी कारण पडले नव्हते. ते पडले एका ट्रंकेमुळे.

मातोश्रींचे वर्षश्राद्ध आटोपल्यावर लष्करातील जुन्या घरातली त्यांची लोखंडी ट्रंक आम्ही भावंडांनी उघडली. तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले मॅटीचे कापड निघाले. त्यावर फुलीच्या टाक्याने भरलेले हंस-दमयंतीचे चित्र होते. दमयंती पुरी, भोवतीची वेलबुट्टी पुरी. हंस मात्र मानेपाशी थांबलेला. सुई कापडातच टोचलेली होती आणि तिच्या गंजाचा तांबूस डाग पडला होता.

ताई म्हणाल्या, “आईचे काम आहे, आपण पुरे करू.” आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “सासूबाईंचा हात तो सासूबाईंचा. त्यात आपला मिसळू नये.” दोघींचेही आम्हांस पटले, आणि दोन्ही एकाच वेळी खरे असणे शक्य नव्हते.

असे काम केवढे असते याची पुरुषमंडळींना सहसा कल्पना नसते, आम्हांसही नव्हती. एका इंचात चौदा घरे असलेल्या कापडावर एका चौरस इंचात १९६ फुल्या बसतात. बारा इंच रुंद आणि पंधरा इंच लांब चित्र पूर्ण भरायचे तर ३५,२८० फुल्या. रोज संध्याकाळी दोनशे भरल्या तरी १७७ संध्याकाळी लागतात, आणि त्याही कोणी न उठवता मिळाल्या तर. मातोश्रींना मिळालेल्या संध्याकाळींचा हिशेब कोणी ठेवला नाही. चित्र चाळीस वर्षे चालले होते, एवढे मात्र आम्ही जाणतो.

मग त्या भर्तृहरीच्या मध्यम श्रेणीतल्या म्हणायच्या काय? त्यांनी सोडलेले दुसरे एकही काम आम्हांस आठवत नाही. दोन्ही मुलींच्या रुखवतात मांडलेले टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे आणि तोरणे मुहूर्ताच्या आधी तयार होती. नातवंडांची दुपटी आणि कुंच्या बारशाच्या आत पुऱ्या झाल्या. रुखवताला मुहूर्त असतो, दुपट्याला बाळ असते. कोणीतरी वाट पाहत असते. हंसाची वाट कोणीच पाहत नव्हते. जे दुसऱ्याला द्यायचे ते सगळे वेळेवर पुरे झाले, आणि अपुरे राहिले ते एकटे स्वतःसाठी मांडलेले.

येथे कोणी म्हणेल की, छंदाला कसले आले आहे कर्तव्य? वचन दुसऱ्याला द्यावे लागते; स्वतःला दिलेल्या वचनातून माणूस स्वतःच मोकळा होऊ शकतो. भरण्यात आनंद होता, तो त्यांनी घेतला. पुरे होणे न होणे गौण. ग्वाल्हेरात ख्याल ऐकत वाढलेल्यांना हा विचार जवळचा वाटेल. राग कधी संपत नाही, गवई थांबतो. अपुरेपणात उणेपणा असतोच असे नाही.

हा युक्तिवाद आम्हांस मान्य झाला असता. पण ताईंनी भिंग लावून कापड न्याहाळले आणि एक गोष्ट दाखविली. फुलीच्या टाक्यात वरचा तिरपा धागा सगळीकडे एकाच दिशेला झुकला पाहिजे, हा पहिला नियम. मातोश्रींच्या कामात तो पाळलेला होता. पण जागोजागी एका ओळीच्या मध्येच दिशा उलटली होती, आणि पुढे पुन्हा सरळ झाली होती. त्या जागांवर बोट ठेवीत ताई म्हणाल्या, “येथे आई उठली. येथेही.” कोणी पाणी मागितले असेल, कोणी पाहुणा आला असेल, कोणाचा सदरा सापडत नसेल. त्या हाकांपैकी कितीएक आमच्याच होत्या. गवई थांबतो तो स्वतःच्या मनाने. त्याला भर मैफलीतून कोणी उठवीत नाही.

भर्तृहरीने विघ्नांचा विचार केला, पण ज्याचे विघ्न म्हणजे घरचीच माणसे, त्याची श्रेणी सांगितली नाही. त्या विघ्नांना ओलांडून हंस पुरा करणारी आई आम्ही उत्तम मानली असती काय? बहुधा तिला आपमतलबी ठरविले असते.

उरला प्रश्न कापडाचा. त्याच क्रमांकाची पांढरी लडी बाड्यावरून आणून पाहिली. जुना दोरा पिवळसर पडलेला, नवा त्याशी जुळेना. अशा वेळी दूरचे एक उदाहरण उपयोगी पडले. फ्रान्समधील बायोचा अकराव्या शतकातील सुमारे सत्तर मीटर लांबीचा भरतकामाचा पट आहे. १०६६ सालच्या इंग्लंडविजयाची कथा त्यावर लोकरीच्या धाग्याने भरली असून शेवटचा भाग नष्ट झाला आहे. ऑल्डर्नी या लहानशा बेटावरील रहिवाशांनी तो शेवट आपल्या कल्पनेने भरला व २०१३ मध्ये पुरा केला. पण वेगळ्या कापडावर. मूळ पटाला त्यांनी सुई लावली नाही.

आम्हीही तसेच ठरविले. सुई काढली, कापडाचे काठ दुमडून शिवून घेतले आणि अर्ध्या मानेचा हंस आहे तसा ठेवला. ताई वेगळ्या तुकड्यावर एक पूर्ण हंस भरीत आहेत. आरंभिलेले सगळे पुरे झालेच पाहिजे, असे आता आम्हांस वाटत नाही. मात्र ते कोणामुळे अपुरे राहिले हे विचारलेच पाहिजे, असे वाटते.

आमच्या सूनबाईंनीही मोराचे एक चित्र भरायला घेतले आहे. परवा दिवेलागणीला त्या खिडकीपाशी ओळ मोजीत बसल्या होत्या. आम्हांस तहान लागली होती. सवयीने हाक ओठांवर आली. ती गिळून आम्ही उठलो आणि तांब्या भरून घेतला. मातोश्रींचे ऋण एवढ्याने फिटत नाही, हे आम्ही जाणतो. त्यांची ओळ तेवढी त्या दिवशी एका दिशेने गेली.