आईच्या सेवेस वेतन असावे काय?

पोटच्या दुखणाईत लेकराची सेवा करण्याबद्दल आईने वेतन घ्यावे काय, असा प्रश्न आज अमेरिकेत पुष्कळ घरांपुढे आहे. देश परका असला तरी आईचे कष्ट सर्वत्र सारखेच. म्हणून आम्ही येथे त्याचा विचार करतो.

तेथील आयोवा संस्थानात सन १९७८ मध्ये केटी बेकेट नावाची मुलगी जन्मली. काही महिन्यांची असता तिला मेंदूज्वर झाला, व पुढे श्वासासाठी यंत्राचा आधार लागू लागला. ती तीन वर्षांची झाली तेव्हा तिला घरी ठेवणे शक्य होते. परंतु नियम असा की, मूल इस्पितळात असेल तोवर सरकार खर्च सोशील. घरी नेल्यास आईबापांची मिळकत मोजली जाऊन साहाय्य बंद होईल. घरचा खर्च पुष्कळ कमी, तरी नियम आडवा! सन १९८१ च्या नोव्हेंबरात अध्यक्ष रेगन ह्यांनी ही गोष्ट जाहीरपणे सांगितली, अपवाद करण्यात आला, व नाताळापूर्वी केटी घरी आली. सन १९८२ मध्ये अशा मुलांस घरी साहाय्य देण्याची मोकळीक कायद्यानेच संस्थानांना मिळाली. केटी २०१२ पर्यंत जगली.

पण लेकरू घरी आले म्हणजे सर्व झाले असे नाही. घशातील नळीतून कफ ओढून काढणे, नळीवाटे अन्न देणे, वेळोवेळी कूस बदलणे, रात्रभर श्वासाकडे कान लावून बसणे, हे कोणी करावे? शिकलेल्या मदतनीस बाया पुरेशा मिळत नाहीत. मग आई चाकरी सोडते, आणि चूल थंडावते. म्हणून कोलोरॅडो, ॲरिझोना ह्यांसारख्या काही संस्थानांत आईबापांनी हे काम रीतसर शिकून घेतल्यास त्यांना वेतन मिळू शकते.

कोणी म्हणेल, ही तर मायेची विक्री झाली! पैसा येतो तेथे कपटही शिरू शकते, हे खरे. म्हणून देखरेख हवीच. परंतु ते वेतन मायेचे नव्हे. माया तर आधीच दिलेली असते. वेतन आहे ते बुडालेल्या मजुरीचे व जागलेल्या रात्रींचे. तेच काम परक्या बाईने केले तर मजुरी रास्त, आणि आईने केले तर काहीच नाही, हा कोणता न्याय? फारोच्या कन्येने मोशेच्या आईस तिच्याच लेकराला पाजण्याबद्दल वेतन देऊ केले; त्याने तिचे आईपण उणे झाले असे कोणी म्हणत नाही.

आपल्या देशातही सन २०१६ च्या अपंगांच्या हक्कांविषयीच्या कायद्यात, ज्यांस फार आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. परंतु कायदा कोणाच्या उशाशी रात्र जागत नाही. 'धन्य ती माउली' असे म्हणून आम्हीही पुष्कळदा अशा घराच्या उंबऱ्यावरून परतलो आहो. स्तुतीने तिची झोप भरून निघत नाही. बंधुभगिनींनो, आपल्या गावी असे लेकरू असेल तर त्याच्या आईपाशी बसून ते काम शिकून घ्या, आणि एक रात्र तिला निजू द्या.