कॉम्प्युटरची कुरकुर आणि तिसरी पिन

सुरतेत शांतता मोसमी असते. दिवाळीत लूमची खाती बंद पडतात, हिऱ्याचे कारखाने सुट्टीवर जातात, कारीगर खानदेशात, ओडिशात, सौराष्ट्रात आपापल्या गावी निघतात. मग लिंबायत-उधन्याच्या गल्ल्यांत वर्षभर दडपलेले बारीकसारीक आवाज डोकं वर काढतात. त्यातलाच एक टेबलाखालच्या कॅबिनेटमधून येतो. एम्ब्रॉयडरीच्या डिझाइनांचं पंचिंग करणारा असो की रात्री गेम खेळणारा कॉलेजकुमार, ‘कॉम्प्युटर किर्र करतोय’ ही तक्रार नेमकी याच दिवसांत ऐकू येते. कॉम्प्युटर आषाढातही किर्रच करत होता.

या आवाजाला आता सगळेच कॉइल व्हाइन म्हणतात. ग्राफिक कार्डावर, मदरबोर्डवर आणि एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यात, तांब्याच्या तारेची छोटी वेटोळी असतात. त्यांतून वाहणारा प्रवाह सतत चालू-बंद होतो, तशी वेटोळी एकमेकांना ओढतात आणि आतला चुंबकीय गाभाही किंचित लांबी बदलतो. लोखंडाचा हा गुण जेम्स जूलने 1842 मध्येच दाखवून दिला होता. गल्लीच्या तोंडाचा ट्रान्सफॉर्मर घुमतो तोही याच कारणाने. आता मेख अशी, की कॉम्प्युटरमधली ही चालू-बंद सेकंदाला लाखो वेळा होते आणि माणसाचा कान फार तर वीस हजारांपर्यंत पोचतो. म्हणजे ती ऐकू यायलाच नको. ती ऐकू येते ती कामाचा भार चढ-उतार करतो म्हणून. गेमच्या साध्या मेनूच्या पडद्यावर ग्राफिक कार्ड सेकंदाला हजारो चित्रं निष्कारण रंगवत बसतं आणि त्या लयीत वेटोळी थरथरतात. उपायही त्यामुळे फुकटातला आहे: ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये चित्रांच्या वेगाला मर्यादा घाला. बहुतेक वेळा किरकिर निम्म्यावर येते. बाकीची सोसावी, कारण तिने कॉम्प्युटरचं काही बिघडत नाही.

ही तक्रार करायलाही एक परिस्थिती लागते. लूमच्या खात्यातला गोंगाट नव्वद डेसिबलच्या वर जातो. अशा गोंगाटात वर्षानुवर्षं काम केलं की कान आधी चार हजार हर्ट्‌झच्या आसपास मंदावतो. कॉइल व्हाइन बऱ्याचदा त्याच पट्ट्यात किंवा त्याच्या वर असते. म्हणजे ज्या बापाने जळगाव-धुळ्याकडून येऊन बारा-बारा तासांच्या पाळ्या करत घर उभं केलं, त्याला मुलाच्या कॉम्प्युटरचा हा आवाज कदाचित ऐकूच येणार नाही. ‘कुठं आवाज आहे रे?’ हा त्याचा प्रश्न खरा असतो. मुलाला बाप अडाणी वाटतो, बापाला मुलगा नाजूक. दोघांच्या कानांमध्ये पाळीची वर्षं उभी आहेत.

आवाजाचा शोध मात्र पद्धतशीर घ्यावा लागतो आणि आपली पद्धत उलटी असते. आवाज आला की आधी दोषी ठरवायचा, मग पुरावा. एसएमपीएस बदलला, रॅम पुसली, विंडोज नव्याने टाकलं, हजार रुपये कधीच गेले आणि आवाज तसाच. खरं तर पहिला प्रश्न अगदी साधा आहे: स्पीकरची वायर काढली तर आवाज थांबतो का? थांबत नसेल तर काहीतरी खरोखर हलतंय: पंखा, हार्ड डिस्क किंवा वेटोळं. जाड कागदाची नळी करून एक टोक कानाला लावलं आणि दुसरं कॅबिनेटवरून फिरवलं, तर जागा सापडते. नळी कोरड्या कागदाचीच हवी, आणि एसएमपीएस उघडायचा नाही; बंद केल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट काही काळ दबा धरून असतात. वायर काढल्यावर आवाज थांबला, तर गोष्ट वेगळी. तो आवाज कॅबिनेटमध्ये कुठेच नव्हता. तो वायरींत होता, स्पीकरने फक्त त्याला वाचा दिली.

विजेच्या आवाजाचं हेच वैशिष्ट्य मला विचार करायला लावतं: तो जिथे ऐकू येतो तिथे जन्मलेला नसतो. माउस हलवला की स्पीकरमध्ये चिरचिर होते, म्हणून लोक माउस बदलतात. माउस निर्दोष असतो. पडद्यावरचं चित्र हलताना वाढलेला प्रवाह आणि गाण्याचा सिग्नल एकाच परतीच्या वाटेने जात असतात, एवढंच. इंजिनियर अशा वेळी तीन गोष्टी वेगळ्या करतात: उगम, वाट आणि बळी. उगम आपल्या हातात क्वचितच असतो. खालच्या मजल्यावरचं एम्ब्रॉयडरी मशीन, पांडेसराच्या डाइंग मिलमधले मोटारीचा वेग बदलणारे ड्राइव्ह, हे सगळे त्याच विजेत आपली घाण सोडतात. आपण वाट तोडू शकतो. बाहेरचं यूएसबी साउंड कार्ड घेणं किंवा प्रकाशाच्या केबलने आवाज नेणं, ही वाट तोडण्याचीच कामं.

अशा शोधातून एक अख्खं शास्त्र जन्मलं आहे: रेडिओ-खगोलशास्त्र. बेल प्रयोगशाळेच्या कार्ल जान्स्कीला अटलांटिकपलीकडच्या रेडिओ-टेलिफोनमधली खरखर कुठून येते ते शोधायचं होतं. त्याने तिचे तीन भाग केले: जवळची वादळं, दूरची वादळं आणि एक अखंड सूं-सूं. ही सूं-सूं रोज सुमारे चार मिनिटं आधी कळसाला पोचे, म्हणजे ती ताऱ्यांच्या घड्याळाने चालत होती. 1933 मध्ये त्याने जाहीर केलं की ती आकाशगंगेतून येते. आज जुन्नर तालुक्यात खोडदला 45 मीटर व्यासाच्या तीस डिशांची जीएमआरटी ही रेडिओ-दुर्बीण उभी आहे, कारण तिथे माणसाचा रेडिओ-गोंगाट कमी होता. तिथल्या लोकांनाही विजेच्या तारांवर, खराब इन्सुलेटरवर उडणाऱ्या ठिणग्या हुडकत फिरावं लागतं. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरची दीर्घिका ऐकायची तर आधी शेजारच्या खांबावरचा सैल नट आवळावा लागतो.

आपल्या गल्लीत मात्र नट आवळण्याऐवजी एक घातकी तोडगा चालतो, आणि मला खरं भांडायचं आहे ते त्याच्याशी. कॉम्प्युटर आणि अॅम्प्लिफायर वेगवेगळ्या बोर्डांवर असले की दोन्हींच्या अर्थिंगमधून एक वेढा तयार होतो आणि स्पीकरमध्ये पन्नास हर्ट्‌झचा जाड घुमारा उठतो. कुणीतरी जाणकार सांगतो, ‘अर्थिंगची पिन काढ, आवाज जाईल.’ आवाज खरंच जातो! म्हणून तर हा सल्ला टिकून आहे. जुन्या दोन भोकांच्या बोर्डात तीन पिनांचा प्लग बसत नाही, म्हणून जाड पिन मोडून टाकणारेही कमी नाहीत.

एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो. तो विजेतला कचरा छोट्या कपॅसिटरांतून अर्थमध्ये टाकतो. अर्थच नसेल तर कचरा कॅबिनेटच्या पत्र्यावरच राहतो आणि पत्रा सुमारे 115 व्होल्टवर तरंगू लागतो. प्रवाह नगण्य, म्हणून कुणी मरत नाही. उघड्या पायाने पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. ‘बारीक करंट आहे, चालायचंच,’ म्हणून आपण चप्पल घालतो. पण ती झिणझिण सांगते की अर्थ पोचत नाही. उद्या आत फेजची वायर पत्र्याला टेकली तर फ्यूज उडणार नाही, एमसीबी पडणार नाही, 230 व्होल्ट पत्र्यावर हाताची वाट बघत बसतील. तापीकाठच्या पावसाळ्यात, ओल धरलेल्या फरशीवर, लोखंडी सांगाड्यांच्या लूमशेजारी असताना ही गोष्ट चपलेवर सोपवण्याजोगी नाही.

किरकिरीने आपण हैराण होतो आणि झिणझिणीला सरावतो. एक निरुपद्रवी, दुसरी जिवावरची. लक्ष नेमकं उलट्या जागी. याला केवळ अज्ञान म्हणून भागणार नाही. कॉम्प्युटर माझा असतो, अर्थिंग सगळ्यांचं. भाड्याच्या खोलीत ते घरमालकाचं, गाळ्यात सोसायटीचं, आणि सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही. तीस-चाळीस हजारांचं ग्राफिक कार्ड घेताना हात आखडत नाही. अर्थचा खड्डा शेवटचा कधी तपासला असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

तेव्हा यंदा दिवाळीच्या सुट्टीत गावी निघण्याआधी लायसन्सवाल्या वायरमनला बोलवा. प्रत्येक बोर्डाच्या तिसऱ्या भोकात अर्थ खरोखर पोचतो का, एवढं त्याच्याकडून तपासून घ्या, आणि मीटरजवळ 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे प्रवाह गळताच वीज तोडणारा स्विच, बसवा. मोडकी पिन असलेला प्लग फेकून द्या. कॉइल व्हाइनचं नंतर बघता येईल.