उलाळ गाडी

फोटो पाहिला. ट्रेलर जोडायचा बंपरखालचा तो गोळा घासूनपुसून चमकवलास आणि खाली लिहिलंस, "मास्तर, हिच बसली. शनिवारी आग्र्याला निघतो." यमुना एक्सप्रेसवे १६५ किलोमीटर. मागे ट्रेलर. गाडीत बायको आणि चार वर्षांची पोर. मला राहवलं नाही. काल तू बाहेर गेला होतास तेव्हा तुझ्या गल्लीत येऊन ते जोडकाम बघून गेलो. आता ऐक.

मी ट्रेलरची दांडी एका हाताने उचलली. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने, एका हाताने! तुझ्या आजोबांनी विट्याला आयुष्यभर बैलगाडी हाकली. त्यांनी ही दांडी नुसती धरली असती तरी सांगितलं असतं, की गाडी उलाळ आहे. ओझं मागे गेलं की जू वर उचलतं, बैलाच्या गळ्याला फास बसतो आणि बैल अडतो. बैल निदान अडतो तरी. मोटर अडत नाही. ती ऐंशीपर्यंत गुमान जाते, मग बाजूने एखादा ट्रक जातो, त्याच्या वाऱ्याने ट्रेलर एकदा डावीकडे झुकतो, एकदा उजवीकडे. प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा. ट्रेलर गाडीची शेपटी फिरवायला लागला की स्टिअरिंग नुसतं हातात उरतं.

हे तुला माहीत नाही? मीच शिकवलंय. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा गोळ्यावर बसला पाहिजे. युरोपात थोडा कमी धरतात, अमेरिकेत पंधरा टक्क्यांपर्यंत जातात. दहा धर आणि चाल. ६०० किलोच्या ट्रेलरला ६० किलो. तुझ्या गोळ्यावर दहा तरी असतील का? पाण्याची टाकी मागे, जनरेटर त्याच्याही मागे. का? "तिथे जागा होती." जागा होती म्हणून तू पोरीला टपावर बसवशील?

वजन किती, म्हणून मी मागेच विचारलं होतं. तू म्हणालास, "असेल चारशे-पाचशे." असेल? अरे, तू सोनं गाळणाऱ्या गलाईवाल्याचा मुलगा. दिल्लीत बँक स्ट्रीटमागच्या त्या खोलीत तुझे वडील सोनं तोलायला घेतात तेव्हा आधी पंखा बंद करतात, वाऱ्याने काटा हलू नये म्हणून. मिलिग्रॅमचा हिशेब लागेपर्यंत कोणाशी बोलत नाहीत. आणि त्या घरात वाढलेला तू शंभर किलोचा फरक "असेल" म्हणून सोडून देतोस? धर्मकाट्यावर जायला वेळ नव्हता म्हणतोस. नाईवाल्याच्या बाजारात गोळा आणि एलईडीची पट्टी निवडायला मात्र दोन तास होते. वेळ नव्हता हे खोटं आहे. आकडा जास्त निघाला तर सामान कमी करावं लागेल, ही भीती होती. डोळ्यांवर कातडं ओढून घेतलंस, दुसरं काय.

आता तो गोळा. तुझ्या खणात व्हर्निअर आहे, मीच दिलेला. माझा लावून पाहिला. गोळा ४७.६ मिलिमीटर, म्हणजे पावणेदोन इंचाला एक अष्टमांश जास्त. ट्रेलरच्या कपावर ठसठशीत ५० कोरलेलं आहे. जवळजवळ अडीच मिलिमीटर मोकळे. आणि ती पोकळी भरायला तू काय केलंस? सायकलची ट्यूब कापून मध्ये घातलीस! म्हणजे फरक तुला कळला होता. कळूनही तू तो झाकलास. याचाच मला राग आहे. अडाण्याने केलं असतं तर समजावून सांगितलं असतं. तुला काय समजावू? लहान गोळ्यावर मोठा कप वरवर बसतो, कडीसुद्धा लागते. खड्डा आला की उडून बाहेर येतो. त्याची परीक्षा मी तुला शिकवली होती: कडी लावायची, पुढचा जॅक फिरवून दांडी वर उचलायची, गाडीची शेपटी तिच्यासोबत वर आली पाहिजे. पाच मिनिटांचं काम. केलंस?

"दुकानदार म्हणाला चालतंय." दुकानदाराने माल विकला. आग्र्याला तो येणार आहे का? त्याने तुला ट्रेलरचं वजन विचारलं? गाडीचं पुस्तक मागितलं? दिल्लीत निम्म्या थारच्या आणि स्कॉर्पिओच्या मागे असे गोळे लटकतात, ते मागच्या गाडीचा धक्का बसू नये म्हणून. ओढायचं काही नसतंच. तशी शोभेची वस्तू तू तुझ्या संसाराला जुंपलीस.

खाली वाकून पाहिलं तर आणखी भयंकर. दोन बोल्ट, बंपरच्या आतल्या पत्र्यावर. तुझ्या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही; पत्र्याचाच सांगाडा आहे. त्यात ओढ घ्यायला मागे दोन जाड कणे असतात. खरी हिच त्या दोन्हींना धरते, आणि तिच्यावर पट्टी असते: किती ओढेल, गोळ्यावर किती भार सोसेल. तुझ्या हिचवर फक्त स्टिकर आहे. शिवाय बंपरला घासू नये म्हणून हिचची दांडी वीतभर लांब घेतलीस. गोळा मागच्या आसापासून मीटरभर मागे गेला. दोन आसांमध्ये अडीच मीटर. कर गणित. गोळ्यावर ६० किलो ठेवलेस की मागच्या चाकांवर ८४ वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे २४ उचलले जातात. वळायचं पुढच्या चाकांनी. ब्रेकचा मोठा जोर पुढच्या चाकांवर. जितकी दांडी लांब, तितकी ती चाकं हलकी. हे शाळेतलं तरफेचं गणित आहे आणि तुला त्यात पैकीच्या पैकी मिळाले होते.

"गावी एका पिनेवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जातात," हे तुझं ठेवणीतलं उत्तर. ट्रॅक्टरचा हूक मागच्या आसाच्या लोखंडी पेटीला जखडलेला असतो आणि तो रांगत जातो. तरीही पिना निसटतात, ट्रॉल्या उलटतात, हे गाळपाच्या हंगामात तू डोळ्यांनी पाहिलं आहेस.

साखळी कुत्र्याची आहे. फेकून दे. वजन झेलेल अशा दोन घे, दांडीखालून एकमेकींना फुली मारून थेट हिचला अडकव, म्हणजे कप निसटला तरी दांडी रस्त्यात रुतणार नाही. दिव्यांची वायर टोचून जोडली आहेस, तीही नीट रिलेवर घे. आणि ट्रेलरचा नंबर कुठे आहे? १९८८ च्या मोटर वाहन कायद्याने ट्रेलरचीही नोंदणी लागते. उद्या काही झालं तर विमावाला पहिला प्रश्न हाच विचारेल.

डॅशबोर्डच्या कप्प्यात गाडीचं पुस्तक आहे. प्लास्टिकच्या पिशवीतून अजून बाहेर निघालेलं नाही. आज रात्री काढ. कित्येक गाड्यांच्या पुस्तकात ट्रेलर ओढू नका असं स्वच्छ लिहिलेलं असतं. तुझ्या पुस्तकात तसं असेल तर ट्रेलर विक नाहीतर गाडी बदल. तिसरी वाट नाही. परवानगी असेल तर आकडा वाच, भरलेला ट्रेलर तोल, मग हिच, आणि कपावरचा ५० बघून सगळ्यात शेवटी गोळा. तू नेमकं उलट्या टोकाने सुरू केलंस.

शनिवारी तू जाणार नाहीस. पोरीला मी सांगतो, ती माझ्यावर रुसेल, रुसू दे. सोमवारी बाजार बंद असतो. सकाळी सातला ट्रेलर घेऊन ये, टेम्पोवर चढवून, आणि भरलेला आण. टाकी, जनरेटर, सगळं. दांडीवरचा भार तोलायला बाथरूमचा वजनकाटा मी आणतो. व्हर्निअर तुझा आण.