अल्पमोली आवाजाची परीक्षा

संगणकाच्या दोन्ही बाजूंस ठेवावयाचे जे लहान स्पीकर हजार-पाचशे रुपयांत मिळतात, त्यांच्या आवाजाची चर्चा वाङ्मयविषयक मासिकाच्या पानांवर करावी काय, अशी शंका काही वाचकांस येईल. आमचे म्हणणे असे की, जेथे दोन सुशिक्षित माणसे एकाच वस्तूस एक ‘उत्तम’ व दुसरा ‘टाकाऊ’ म्हणतो, आणि दोघेही मनापासून बोलत असतात, तेथे वस्तू क्षुद्र असली तरी वाद क्षुद्र नसतो. शिवाय ही वस्तू आज घरोघर आहे. मुलांचे पाठ, आजीचे कीर्तन, बातम्या, नाट्यपदे आणि रात्री उशिरा हलक्या आवाजात लावलेला एखादा ख्याल, हे सारे त्याच दोन प्लास्टिकच्या डब्यांतून येते. तेव्हा त्या डब्यांविषयी खरे काय म्हणता येईल, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

त्यास दोन सोपी उत्तरे नेहमी ऐकू येतात. पहिले असे की, आवड ज्याची त्याची. कोणास काय गोड लागावे ह्याला नियम नाही. दुसरे असे की, दाम तसे काम. एवढ्या पैशांत आणखी काय मिळणार? ही दोन्ही उत्तरे दिसावयास भिन्न असली तरी दोहोंचा हेतू एकच, तो म्हणजे ऐकण्याचे श्रम चुकविणे. पहिला मनुष्य ऐकल्यावर विचार करीत नाही आणि दुसरा विचार करण्यासाठी ऐकतच नाही.

अभिरुचीला काही मानदंड आहे की नाही ह्या विषयावर डेव्हिड ह्यूम ह्या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७५७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात ‘डॉन किहोटे’ ह्या कादंबरीतील सँको पँझाच्या दोन नातलगांची गोष्ट तो घेतो. दोघांस एका पिंपातील मद्याची परीक्षा करावयास सांगितले. एक म्हणाला, मद्य चांगले, पण त्यास किंचित चामड्याची चव आहे. दुसरा म्हणाला, चांगले खरे, पण लोखंडाची चव लागते. लोक दोघांनाही हसले. पुढे पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याचा गोफ बांधलेली एक जुनी किल्ली सापडली. ह्यूमचे तात्पर्य असे की, सूक्ष्म रुची हा केवळ मनाचा खेळ नसून वस्तूत जे खरोखर असते तेच ती ओळखते.

मद्याच्या पिंपात किल्ली असेल किंवा नसेल. परंतु स्वस्त स्पीकरच्या तळाशी ती बहुधा असतेच, आणि ती शोधून काढणेही फारसे कठीण नाही. गायकाने काळी एक हा स्वर षड्ज धरला, तर तो सेकंदास सुमारे १३९ कंपनांचा असतो आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्याने, म्हणजे सुमारे ६९ कंपनांनी बोलते. इतका खालचा स्वर निर्माण करावयाचा म्हणजे पुष्कळ हवा ढकलावी लागते. दोन-अडीच इंच व्यासाच्या पडद्यात ती शक्ती नसते. साधारणपणे दीडशे कंपनांच्या खाली त्याचे बळ ओसरू लागते आणि सत्तरच्या आसपास त्यातून नावापुरताच ध्वनी निघतो. तबल्याची चाटी त्यातून स्पष्ट ऐकू येते, कारण तिचा बोल वरच्या पट्टीतला; परंतु डग्ग्याचा घुमारा जातो आणि पत्र्याच्या डब्यावर थाप मारल्यासारखे काहीतरी मागे उरते. ही कोणाची आवडनिवड नव्हे, पडद्याच्या आकाराचा हा हिशेब आहे.

पण गोष्ट येथेच संपत नाही, आणि येथूनच ती खरी मनोरंजक होते. खर्जाची तार छेडली असता ६९ कंपनांबरोबरच त्यांच्या दुपटीचे, तिपटीचे, चौपटीचे असे अनेक उपस्वर उठतात. तंबोऱ्यात तर घोडीवरील जवारीमुळे हे उपस्वर विलक्षण समृद्ध असतात. चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी १९२१ साली तंबोरा व वीणा ह्यांच्या घोडीचे हेच रहस्य शास्त्रीय रीतीने मांडले. लहान स्पीकर मूळ स्वर गाळतो, पण उपस्वर देतो. आणि मनुष्याचे श्रवणयंत्र असे अजब आहे की, उपस्वरांची ती मालिका ऐकून न वाजलेला मूळ स्वर ते आपल्या ठिकाणी उभा करते. म्हणून खर्ज ‘ऐकू येतो’ असे म्हणणारा मनुष्य खोटे बोलत नाही. खर्जाचा स्वर त्यास कळतो, फक्त त्याचे वजन त्याच्या छातीवर येत नाही.

वाङ्मयाच्या वाचकांस हा अनुभव अपरिचित नाही. त्रोटक वर्णनावरून आपण अख्खा वाडा मनात बांधतोच की. परंतु बांधावयास मनात साहित्य असावे लागते. ज्याने एकदा तरी खऱ्या तंबोऱ्याच्या जोडीमध्ये बसून तो झंकार अंगावर घेतला आहे, तो ह्या दोन डब्यांच्या इवल्याशा ध्वनीतून पुष्कळ काही परत मिळवू शकतो. ज्याचे कान केवळ ह्या डब्यांवरच वाढले, त्यालाही स्वराची उंची कळेल, कारण ती किमया जन्मजात आहे. परंतु त्या झंकाराची आठवण तो कोठून आणणार? आणि त्याहून वाईट असे की, काही उणे आहे ही जाणीवही त्यास होणार नाही. एकाच स्पीकरसमोर बाप आणि मुलगा बसले असता दोघे दोन निरनिराळ्या वस्तू ऐकत असतात. बाप म्हणतो, ‘काय वाईट आहे ह्यात?’ त्याच्यापुरते ते खरे असते. पण स्पीकर घरात घेतला जातो तो बहुतेक मुलासाठी.

आता परीक्षकाकडे वळू. कारण दोष काय केवळ डब्यातच असतात असे नाही. फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह ह्या दोघा संशोधकांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आमच्या मते प्रत्येक टीकाकाराने, मग तो ग्रंथांचा का असेना, लक्षात ठेवावा असा आहे. चाळीस श्रोत्यांस त्यांनी चार प्रकारचे स्पीकर ऐकविले; एकदा पडद्याआड ठेवून आणि एकदा समोर दिसतील असे. त्यांतील एक संच लहान, प्लास्टिकचा आणि स्वस्त होता. पडद्याआड त्यास जे गुण मिळाले, त्याहून डोळ्यांसमोर आल्यावर पुष्कळच कमी मिळाले. आवाज तोच, कान तेच. फरक पडला तो त्याच्या गरीब रूपाचा. न्यायदेवतेच्या डोळ्यांस पट्टी का बांधतात हे आम्ही शाळेत पाठ केले आहे. ती पट्टी ऐकण्याच्या बाबतीतही लागते, हे मात्र कोणी शिकविले नव्हते.

दुसरा चकवा मोठ्या आवाजाचा. दोन स्पीकरांपैकी जो जरासा मोठ्याने वाजतो तो बहुतेकांस अधिक चांगला वाटतो, आणि तो मोठा आहे म्हणून चांगला वाटतो हे त्यांच्या ध्यानात येत नाही. ह्यालाही कारण आहे. फ्लेचर व मन्सन ह्यांनी १९३३ साली दाखवून दिले की, ध्वनी हळू असता मनुष्याच्या कानास खालचे स्वर प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात. आवाज वाढविला की ते स्वर जणू जागे होतात. दुकानदारास हे शास्त्र ठाऊक नसेल, पण त्याचा उपयोग त्यास पक्का ठाऊक असतो. जो माल खपवावयाचा त्याची कळ तो थोडी पुढे फिरवितो. म्हणून दोहोंचा आवाज समान केल्यावाचून दिलेला निकाल आम्ही निकाल मानीत नाही.

ह्याहून निलाजरी गोष्ट खोक्यावर छापलेली असते. मुठीएवढ्या स्पीकरावर पी.एम.पी.ओ. ह्या अक्षरांखाली शेकडो, क्वचित हजारो वॉटचा आकडा दिसतो. ह्या अक्षरांना सर्वमान्य अशी व्याख्याच नाही. आता ज्या स्पीकरास संगणकाच्या यूएसबी २.० पोर्टातूनच वीज मिळते त्याचा हिशेब पाहा. पाच व्होल्ट व फार तर अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॉट. आत अडीच वॉट जाणार आणि बाहेर शेकडो येणार, ही किमया कोणत्याही शास्त्रात बसत नाही. गंमत अशी की, अडीच वॉट हे लाजिरवाणे नाहीतच. हातभर अंतरावर बसून ऐकणाऱ्यास त्याहूनही कमी पुरतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की ध्वनी सहा डेसिबेलने घटतो, त्याच न्यायाने जवळ बसणाऱ्यास थोडक्यात पुष्कळ मिळते. खरे सांगितले असते तरी माल खपला असता. तरीही खोटे सांगितले जाते, कारण गिऱ्हाइकास ऐकता येत नाही, आकडे मात्र वाचता येतात, अशी विकणाऱ्याची समजूत असते. हा गिऱ्हाइकाचा अपमान आहे आणि तो आपण पैसे मोजून घरी आणतो.

‘किमतीच्या मानाने चांगला’ हे वाक्य आम्हांस फार दिवस खटकत आले आहे. त्यात दोन निकाल एकत्र कालविलेले असतात. आवाज कसा आहे, हा एक प्रश्न; तेवढ्या पैशांत तो घ्यावा काय, हा दुसरा. गरिबाच्या मुलाच्या उत्तरपत्रिकेस सहानुभूतीने दहा गुण जास्त देणारा शिक्षक दयाळू असेल, पण त्या मुलास आपण कोठे चुकलो हे कधीच कळत नाही. त्याची फी माफ करावी, पुस्तके द्यावी, गुण मात्र खरे द्यावे. तसेच येथे. डग्गा गेला असेल तर गेला असे म्हणावे. मग, ज्याच्या खिशात सहाशेच रुपये आहेत त्याने हाच घ्यावा, असेही बिनदिक्कत म्हणावे. दुसरे विधान करण्यासाठी पहिले मऊ करण्याचे कारण नाही.

राहिला अधिक नाजूक प्रश्न. एखादे सेवानिवृत्त गृहस्थ रोज पहाटे असल्या स्पीकरवर अभंग ऐकून तृप्त होतात. त्यांस त्यातील उणीव दाखवून द्यावी काय? वयोमानाने वरचे स्वर कानास ऐकू येईनासे होतात, तेव्हा स्पीकरची छणछण त्यांस बोचतही नाही. आम्हांस वाटते, विचारल्यावाचून सांगू नये आणि विचारले तर लपवू नये. त्यांच्या तृप्तीत फसवणूक नाही; ती पुष्कळशी त्यांनी स्वतः मिळविलेली आहे, साठ वर्षांच्या ऐकण्यातून. परंतु हाच न्याय मुलास लावून ‘त्याला आवडते ना, मग झाले’ म्हणणे, ह्याला आम्ही दया म्हणणार नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, आपले थोर गवयी तरी काय ऐकून वाढले? भीमसेन जोशी ह्यांनी बालपणी गदगमध्ये अब्दुल करीम खाँ ह्यांची झिंझोटीतील ठुमरी ऐकली ती खरखरत्या तबकडीवरच. आक्षेप बिनतोड दिसतो. पण त्या तबकडीने त्यांस काय करावयास लावले हेही पाहावे. १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, ते गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. त्या अपुऱ्या ध्वनीने त्यांची भूक भागली नाही, ती चेतली. तेव्हा सहाशे रुपयांच्या स्पीकरसमोर बसलेल्या मुलाविषयी आमची चिंता आवाजाच्या दर्जाची जेवढी आहे, तेवढीच तो मुलगा पुढे उठून कोठे जातो ह्याची आहे. त्यास वर्षातून दोनदा एखाद्या बैठकीत पुढच्या रांगेत नेऊन बसविले, तर घरचा स्पीकर कोणता आहे ह्याने फारसे बिघडणार नाही; आणि तसे नेले नाही, तर पन्नास हजारांचा संच आणूनही पोकळी भरणार नाही.

ज्यांना प्रत्यक्ष खरेदी करावयाची आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. दुकानात दुकानदाराचे गाणे ऐकू नये. ते त्या स्पीकराचे दोष झाकण्यासाठीच निवडलेले असते. परिचित माणसाचे साधे बोलणे, मोबाइलवर नीट ध्वनिमुद्रित केलेले, घेऊन जावे. आपल्या भाषेत ‘चमचा’मधला च आणि ‘चहा’मधला च हे निराळे आहेत, तो भेद वरच्या कंपनांत असतो आणि घुसमटलेल्या स्पीकरात तो पुसट होतो. ‘स’ जर कानात सुईसारखा टोचू लागला तर वरचे स्वर मुद्दाम फुगविले आहेत असे समजावे. घरातला पुरुषी आवाज जर मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटला, तर खालचा घुमारा नकली आहे. हे ऐकताना डोळे मिटावे आणि दोहोंचा आवाज सारखा ठेवावा. घरी आणल्यावर स्पीकर टेबलावर आडवेतिडवे न ठेवता दोन जाड पुस्तकांवर कानाच्या उंचीच्या जवळ आणावे व तोंडे किंचित आपल्याकडे वळवावी, म्हणजे टेबलाच्या फळीवरून उसळून येणारा ध्वनी मूळ ध्वनीत कमी मिसळेल. खालचे स्वर फारच पातळ वाटले तर ते भिंतीच्या जवळ सरकवून पाहावे. भिंत त्यांस थोडा आधार देते. ह्या खटाटोपास एक पैसाही पडत नाही, आणि कित्येकदा नवा संच घेण्याचे कारणही त्याने उरत नाही.