उष्णतेची वाट

काटा लाल रेघेकडे सरकू लागला की माणूस विचारतो, काय बिघडलं? हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असतो : कधी?

सिग्नलला उभं असताना काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तर हवेकडे बघावं. पंखा, पंख्याचं कपलिंग, रेडिएटरच्या पत्र्यांत अडकलेले किडे आणि गवत. गावात ठीक चालते आणि ताशी सत्तर मैलांवर तापते, तर पाण्याकडे बघावं. रेडिएटर चोंदला असेल, किंवा पंपाच्या ओढीने खालचा होज आत चिपटत असेल. थंड इंजिन सुरू केल्यावर चार-पाच मिनिटांत होज दगडासारखा कडक झाला, तर हेड गॅस्केटवर संशय घ्यावा. आणि इंजिन बंद केल्यावर दोन मिनिटं काटा थोडा वर गेला, तर काही करू नये. पंप थांबला आहे आणि धातू अजून गरम आहे, एवढाच त्याचा अर्थ.

‘कधी’चं उत्तर मिळालं की ‘काय’ची अर्धी यादी गळून पडते.

*

पेट्रोलमधली जेमतेम पाव ऊर्जा चाकांपर्यंत पोचते. बाकीची एक्झॉस्टमधून आणि पाण्यातून बाहेर जाते. म्हणजे चालणारं प्रत्येक इंजिन तापतंच. ते तापलं पाहिजे. प्रश्न फक्त उष्णतेच्या वाटेचा आहे. सिलिंडरच्या भिंतीतून पाण्यात, पाण्यातून रेडिएटरच्या नळ्यांत, नळ्यांतून पत्र्यांत, पत्र्यांतून वाऱ्यात. ती कुठे अडली हे शोधायचं तर त्याच वाटेने, त्याच क्रमाने चालावं लागतं. मधेच उडी मारणाऱ्याला अडथळा सापडत नाही, फक्त बिल सापडतं.

*

माझ्याकडे ट्रायम्फ स्टॅग आहे. ती जिथे जोडली गेली त्या कॉव्हेंट्रीच्या कॅन्लीपासून मी काही मैलांवर राहतो. जून १९७० मध्ये ही गाडी बाजारात आली, १९७७ मध्ये बंद झाली. एकूण २५,८७७ बनल्या. देखणं अंग इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीने घडवलेलं. इंजिन ट्रायम्फचं स्वतःचं, २,९९७ सीसीचं व्ही-८.

या इंजिनाची अडचण त्याच्या रचनेतच लिहिलेली होती. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेड ॲल्युमिनियमची. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. थोडं तापलं तर हे दोघं एकमेकांना सांभाळून घेतात, फार तापलं की हेड वाकतं. दोन धातूंमध्ये पाणी खेळतं तिथे गंजही लवकर धरतो, त्यामुळे गंजरोधक कूलंट बारा महिने लागतं. अँटिफ्रीझ म्हणजे हिवाळ्यातलं औषध, असं समजून वागणाऱ्यांना या इंजिनाने माफ केलं नाही. त्यात वॉटर पंप बसवलेला इंजिनाच्या माथ्यावर, दोन रांगांच्या मधल्या खाचेत. पाणी थोडं कमी झालं की सगळ्यात आधी कोरडा पडतो तो पंपच. आणि पंप कोरडा पडला की उरलेलं पाणी जागच्या जागी उकळतं. ब्लॉक ओततानाची वाळू काही इंजिनांच्या पाणवाटांत राहून गेली, हेही त्या काळच्या दोषांत नोंदलेलं आहे.

‘स्टॅग तापते’ हे वाक्य मग गाडीच्या नावाला कायमचं चिकटलं. कितीतरी मालकांनी मूळ इंजिन उपसून रोव्हरचं व्ही-८ किंवा फोर्डचं व्ही-६ बसवलं. त्यांचा वैताग मी समजू शकतो. पण त्यातली पुष्कळ इंजिनं चौकशीविनाच फासावर गेली असं माझं ठाम मत आहे. बदनाम माणसाच्या घरी चोरीचा माल शोधायला कोणी जात नाही. त्याला सरळ पकडूनच नेतात.

निदान हा न्यायाचाच प्रकार आहे. संशय म्हणजे पुरावा नव्हे.

*

गेल्या जुलैत एका लांब चढावर माझ्या गाडीचा काटा वर जायला लागला. मी बाजूला थांबलो, इंजिन बंद केलं आणि पाऊण तास काही केलं नाही.

हे काही न करणं फार महत्त्वाचं आहे. झाकणाखाली दाब असतो. कुकरमध्ये असतो तसाच, आणि जवळजवळ तेवढाच. १५ पौंडांच्या झाकणाखाली पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो, आणि तेच पाणी एका क्षणात वाफ होऊन अंगावर येतं. ज्या घरात रोज कुकर लागतो त्या घरातल्या माणसाला हे शिकवावं लागू नये. तरी गरम रेडिएटर उघडून भाजलेले हात मी पाहिले आहेत.

संध्याकाळी पुण्याला मामांना फोन केला. त्यांचं सगळं आयुष्य गॅरेजमध्ये गेलं. मी पंपाविषयी सांगू लागलो तर म्हणाले, “ते राहू दे रे. पाणी कधी बदललंस ते सांग.” माझ्याकडे नोंद नव्हती.

*

आधी साक्षीदार तपासावा, मग आरोपी.

काट्याला आणि पेट्रोलच्या मीटरला एकाच छोट्या डबीतून, व्होल्टेज स्टॅबिलायझरमधून, १० व्होल्ट मिळतात. डबीचं अर्थिंग सुटलं की दोन्ही मीटर एकदम जास्त दाखवू लागतात. इंजिन थंडगार आणि मालक घाबरलेला, अशी वेळ कितीजणांवर आली असेल. माझं पेट्रोलचं मीटर बरोबर दाखवत होतं. म्हणजे काट्याची साक्ष ग्राह्य.

पण काटा बोलतो ते फक्त एका जागेचं. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवर तो पाण्याची खबर देतो. पाणी त्याच्या खाली गेलं की तो वाफेत लटकतो आणि काटा खाली येऊ शकतो. चढलेला काटा विनाकारण उतरला तर सुटकेचा श्वास सोडू नये, गाडी थांबवावी.

*

थर्मोस्टॅटची तपासणी स्वयंपाकघरात होते. त्याची झडप नखाने जरा उघडली, तिच्यात दोऱ्याचं टोक अडकवलं आणि सोडलं. झडपेने दोरा घट्ट धरला. दोऱ्याला लटकलेला थर्मोस्टॅट चहाच्या पातेल्यात पाण्याखाली सोडला, तळाला टेकू दिला नाही. शेजारी थर्मामीटर. मंद आच.

साठ. सत्तर. अठ्ठ्याहत्तरवर पातेल्याच्या कडेला बुडबुडे धरले. ऐंशीवरही दोरा ताणलेलाच. माझा हात अवघडला होता, पण हलवला नाही. त्र्याऐंशीच्या जरा अलीकडे टक्‌कन आवाज झाला आणि थर्मोस्टॅट तळाशी पडला. झडपेने दोरा सोडला होता. त्याच्यावर आकडा कोरलेला होता ८२. आतल्या मेणाच्या चिमूटभर गोळीने आपलं काम चोख केलं होतं.

लहानपणी पुण्यात मी पाहायचो, गाडी तापली की पहिल्यांदा थर्मोस्टॅट काढून फेकला जायचा. त्याने गाडी बरी होत नाही. हिवाळ्यात इंजिन तासभर थंड राहतं, तेलात ओल साठते, सिलिंडर झिजतात, आणि खरा दोष पुढच्या उन्हाळ्यापर्यंत झाकून राहतो. निरपराध्याला शिक्षा झाली की अपराधी मोकळा फिरतो, तसंच हे.

*

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन एकदम बदलल्या आणि गाडी बरी झाली, तर कशाने बरी झाली हे कायमचं हरवतं. असं बरं होणं उसनं असतं.

झाकणाच्या रबराला चीर नव्हती. बेल्ट ताणलेला होता. इग्निशनचं टायमिंग बरोबर होतं. ते मागे पडलं तरी गाडी तापते, पण रेडिएटरच्या नादात ते कोणी बघत नाही. तेल स्वच्छ, दुधाळ नाही. निळं रसायन भरलेली नळी पाण्याच्या तोंडाशी धरून आतली हवा ओढली. एक्झॉस्टचा वायू पाण्यात शिरत असता तर निळ्याचं पिवळं झालं असतं. निळं निळंच राहिलं. हेड गॅस्केट सुटलं.

उरला रेडिएटर. इंजिन नीट तापवून बंद केलं आणि त्याच्या जाळीवर तळवा फिरवला. वर चटका बसत होता. मधेही. खालच्या डाव्या कोपऱ्यात आलो आणि हात थांबला. तिथे वीतभर जागा चक्क गार होती. गरम पाणी तिथवर पोचतच नव्हतं.

महागडी यंत्रं हे आकड्यांत दाखवतात आणि ती चांगलीच असतात. पण त्या गार कोपऱ्यावर तळवा टेकला तेव्हा जी खात्री झाली ती आकड्याने झाली नसती. इतके दिवस जी वाट मी मनात चाललो होतो, ती हाताखाली संपत होती.

*

रेडिएटर उतरवून उलटा धरला तेव्हा तांबूस, घट्ट पाणी बादलीत पडलं. तळाशी बोटभर गाळ बसला. चिमटीत घेतला तर मऊ लागला, मग थोडा कणीदार. लोखंडाचा गंज. वर्षानुवर्षं कणाकणाने सुटून तो सगळ्यात खालच्या, सगळ्यात शांत जागी येऊन बसला होता. इंजिन निर्दोष होतं. ते आपल्या अंगाची माती खाली लोटत राहिलं, आणि ती उचलायला कोणी आलं नाही.

ब्लॉक दोन्ही बाजूंनी उलटा धुतला, पाणी नितळ येईपर्यंत. रेडिएटरला नवा गाभा घातला. गाडीचं नाक उंच करून सावकाश कूलंट भरलं, म्हणजे आत हवा अडकू नये. ऑगस्टमध्ये तोच चढ पुन्हा चढलो. काटा मध्याच्या जरा खाली होता, आणि माथ्यावर पोचेपर्यंत तिथेच होता.

तुमच्याकडे अशी जुनी गाडी असेल, कुठल्याही नावाची, तर इंजिन पूर्ण गार असताना झाकण उघडा. पाण्याचा रंग बघा, पातळी बघा. कूलंट दर दोन वर्षांनी बदला, आणि बदललं ती तारीख बॉनेटच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा.