ऑपरेशननंतरची पाठ

कण्याचं ऑपरेशन झालेली मुलगी घरी आली की सूचना सुरू होतात. वाकू नकोस, पळू नकोस, घागर उचलू नकोस. पहिले काही महिने त्या योग्यच असतात. पण डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावरही घरातली माणसं तेच म्हणत राहतात, आणि बरी झालेली पोर वर्षानुवर्षं आजाऱ्यासारखी बसून राहते. मला याचं फार वाईट वाटतं.

स्कोलिओसिसमध्ये कणा बाजूला झुकतो आणि झुकता झुकता पिळतोही. बाक ४५-५० अंशांपुढे गेला की बहुधा शस्त्रक्रिया सुचवतात. मणक्यांत स्क्रू बसवून त्यांना धातूच्या दोन सळ्यांनी धरतात आणि वर हाडाचे बारीक तुकडे पेरतात. सळ्या आधारापुरत्या, खरं काम हाडाचं. काही महिन्यांत ते मणके एकमेकांशी सांधून एकजीव होतात. तेवढा भाग पुढे वाकत नाही, हे खरं. पण त्याखालचे मोकळे मणके वाकतात, खुबे वाकतात. म्हणून अशा बहुतेक मुली पुढे पोहतात, सायकल चालवतात, संसार करतात, बाळंतही होतात.

इंग्लंडच्या राजघराण्यातल्या युजेनी यांचं हे ऑपरेशन २००२ साली, बाराव्या वर्षी झालं. २०१८ मध्ये लग्नात त्यांनी मुद्दाम पाठ उघडी राहील असा पोशाख घातला; व्रण जगाला दिसावा म्हणून. आपल्याकडे किनवटच्या गावा-तांड्यांवर आई त्याच व्रणावर पदर ओढते. स्थळ येईल तेव्हा काय सांगायचं, ही तिची काळजी खोटी नाही. पण याच काळजीपायी बाक आधी लपतो, मग वाढतो. खरं तर वाढीच्या वयात तो लवकर सापडला, तर पुष्कळदा पट्ट्यावर, म्हणजे ब्रेसवर, भागतं.

बाक सुरुवातीला सहसा दुखत नाही, म्हणून कुणी बघत नाही. तो आधी कपड्यांत दिसतो. ड्रेसचा घेर एका बाजूला लोंबतो, ओढणी एकाच खांद्यावरून घसरते. नक्की बघायचं तर मुलीला पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, तळहात जोडून कमरेतून खाली वाकायला सांगायचं आणि मागून पाहायचं. एका बाजूचा खवाटा किंवा बरगड्या उंच दिसल्या, तर गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यायचं. दप्तराला किंवा डोक्यावरच्या घागरीला दोष देत बसू नये. हा बाक त्यांच्यामुळे होत नाही. पोरीचा तर त्यात काहीच दोष नसतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून एकदा शाळांत आणि आश्रमशाळांत येतं. बाईंनी त्या दिवशी सहावी ते नववीच्या मुलींना आडोशाला नेऊन एकदा वाकवून बघावं. एका मुलीला मिनिटही लागत नाही. आणि वर्गात ऑपरेशन झालेली मुलगी असेल, तर डॉक्टरांची चिठ्ठी वाचून, तिला विचारून, २६ जानेवारीच्या लेझीममध्ये तिचं नाव घालावं.